‘अनुज्ञेने मुद्रित’ : गोमंतकातील मुद्रणस्वातंत्र्य आणि ख्रिस्तसभा

नियोगी समितीचे नाव या पत्रिकेच्या वाचकांस नवे नाही. जुन्या मध्यप्रदेश शासनाने १९५४ साली ही समिती नेमली, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते, आणि १९५६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. राज्याची राजधानी त्या वेळी नागपूर होती. ज्या बालाघाट जिल्ह्यात बसून आम्ही हे लिहीत आहोत तो जिल्हाही त्याच राज्यात मोडत असे. मलाजखंडची आजची तांब्याची खाण मात्र तेव्हा नव्हती. मिशनरी कार्याविषयी समितीने केलेल्या शिफारशींची चर्चा आपल्या वर्तुळात पुष्कळ झालेली आहे. त्यांतील एक शिफारस मात्र सहसा कोणी उद्धृत करीत नाही. धर्मप्रचारासाठी असलेले साहित्य शासनाच्या संमतीवाचून वितरित करण्यास मनाई असावी, असे समितीने सुचविले होते. ही शिफारस कायद्यात उतरली नाही. १९६८ साली मध्यप्रदेशात जो धर्मस्वातंत्र्य कायदा झाला तो धर्मांतराविषयीचा होता. छापील कागदाला आगाऊ संमती हवी, असे कलम त्यात नव्हते.

तरीही त्या शिफारशीचा विचार मनात येताच आपण ख्रिस्ती लोक स्वाभाविकपणे अस्वस्थ होतो. एखाद्या शुभवर्तमानाच्या पुस्तिकेवर सरकारी कचेरीचा शिक्का बसल्याखेरीज ती कोणाच्या हाती देता येऊ नये, हे आपल्याला अन्यायाचे वाटते. ते अन्यायाचे आहेच. परंतु याच अस्वस्थ मनाने आपण आपल्या पूर्वजांच्या ग्रंथाचे मुखपृष्ठ उघडून पाहिले, तर तेथे काय आढळते?

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील राचोल येथे छापले गेले. मराठी भाषेचा अभिमान बाळगणारा प्रत्येक ख्रिस्ती वाचक या ग्रंथाचे नाव आदराने घेतो आणि त्यातील भाषास्तुती शाळेपासून ऐकत आलेला असतो. ग्रंथ मराठीत असला तरी लिपी रोमन होती, कारण गोव्यातील मुद्रकांपाशी देवनागरीचे खिळे नव्हते. मुखपृष्ठ पोर्तुगीज भाषेतील होते, आणि त्यावर स्थळ व साल यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट नमूद होती : पवित्र इन्क्विझिशनच्या आणि धर्मप्रांताधिकाऱ्याच्या अनुज्ञेने मुद्रित. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा हा आद्य महाग्रंथ अशा रीतीने परवान्याने जन्मास आला. परवाना देणारी संस्था परकी नव्हती. ती आपलीच होती.

येथे कोणी म्हणेल, की त्या काळी युरोपभर हीच रीत होती, आणि धर्मसत्ता काय किंवा राजसत्ता काय, छापखान्यास मोकळे सोडण्यास कोणीच धजत नव्हते. हे खरे आहे. आम्हीही सोळाव्या शतकातील माणसांना विसाव्या शतकाच्या पिंजऱ्यात उभे करू इच्छीत नाही. परंतु एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. परवाना आहे एवढे मुखपृष्ठ सांगते. परवाना देण्यापूर्वी तपासनिसांनी काय गाळावयास लावले, कोणत्या ओव्या बदलल्या, की काहीच बदलले नाही, हे ते सांगत नाही. पुरावा मिळतो तो शिक्क्याचा. शिक्क्यामागे काय झाले ते अंधारात राहते.

गोव्यातील छापखान्याची कहाणी मुळातच विचित्र आहे. १५५६ साली जे मुद्रणयंत्र गोव्यास उतरले ते खरे तर अबिसिनियाला जावयाचे होते. ते येथेच राहिले आणि संत पावलाच्या विद्यालयात भारतातील पहिले मुद्रण सुरू झाले. चारच वर्षांनी, १५६० साली, इन्क्विझिशनचे न्यायासन त्याच नगरीत स्थापन झाले. म्हणजे आपल्या देशात छापखाना आणि छापखान्यावरील पहारा हे जवळजवळ जुळे भाऊ होत. १६८४ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने स्थानिकांची भाषा तीन वर्षांत सोडवून पोर्तुगीज रूढ करण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेसाठी स्टीफन्सने आयुष्य वेचले तिची अशी वाट लावण्यात आली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून छापखानाही थंडावला, तो १८२१ पर्यंत. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या प्रारंभकाळावर १९५८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा सर्व इतिहास परिश्रमपूर्वक मांडला आहे. सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा अशी आमची सूचना आहे.

१८३२ हे वर्ष आम्हांस या संदर्भात नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे. त्या वर्षी ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा उदय झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी पोप सोळावे ग्रेगरी यांनी ‘मिरारी व्होस’ हे परिपत्रक काढून मुद्रणस्वातंत्र्याचा कठोर शब्दांत निषेध केला. मुंबईच्या तरुण शास्त्र्याला रोमच्या त्या परिपत्रकाची वार्ता असणे कठीण, आणि रोमलाही ‘दर्पणा’ची वार्ता असणे कठीण, परंतु दोन्ही घटना एकाच वर्षाच्या आहेत. ख्रिस्तसभेला आपली भूमिका बदलण्यास त्यानंतर सुमारे १३० वर्षे लागली. १९६३ साली पोप तेविसावे योहान यांनी ‘पाचेम इन टेरिस’ मध्ये मत व्यक्त करण्याचा आणि सत्य माहिती मिळविण्याचा मनुष्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपर्कमाध्यमांवरील आदेश काढला. १९६६ साली निषिद्ध ग्रंथांच्या यादीचे बंधन संपुष्टात आले. १९७१ च्या ‘कोम्युनिओ एत प्रोग्रेसिओ’ या निवेदनात तर ख्रिस्तसभेच्या अंतर्गतही मोकळी चर्चा आणि लोकमत आवश्यक असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. हे शेवटचे निवेदन आपल्या धर्मगुरुवर्गात फारसे वाचले गेलेले नाही, असा आमचा अनुभव आहे.

आता गोमंतकाच्या दुसऱ्या पर्वाकडे वळू. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यात मतप्रदर्शनास काहीसा मोकळा श्वास लाभला. १९१२ साली गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ पत्र काढले. ख्रिस्ती कुळात जन्मलेले पण धर्मसत्तेचे कठोर टीकाकार असलेले लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे तर त्यापूर्वीपासून पोर्तुगीज पत्रसृष्टीत गाजत होते. १९०० साली निघालेल्या ‘ओ हेराल्दो’ या गोव्याच्या पहिल्या दैनिकाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. १९२६ च्या लष्करी उठावाने हे पर्व संपले. पुढे सत्ता अंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार यांच्या हाती गेली.

सालाझार हे नाव घेताना या पत्रिकेच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा हुकूमशहा निरीश्वरवादी नव्हता. तो व्हिसेऊच्या सेमिनरीत शिकला होता आणि तरुणपणी पौरोहित्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आला होता. ११ एप्रिल १९३३ रोजी त्याची नवी राज्यघटना अमलात आली. त्या घटनेत विचारप्रकटनाचे स्वातंत्र्य मान्य केले होते आणि त्याचे नियमन खास कायद्यांनी होईल अशी पुस्ती जोडली होती. खास कायद्याची फार वाट पाहावी लागली नाही. त्याच तारखेच्या एका हुकुमान्वये नियतकालिकांवर पूर्वतपासणी लादण्यात आली. सकाळी दिलेले संध्याकाळी काढून घेतले, असे म्हणावे तर येथे तेवढाही अवधी गेला नाही.

तपासनिसाची निळी पेन्सिल पोर्तुगालच्या स्मृतीत आजही घर करून आहे. अंक तपासला गेला आहे, अशी ओळ पत्रांनी छापावी लागे. परंतु जेथे मजकूर कापला तेथे कोरी जागा सोडण्यास मनाई होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात पोर्तुगीज पत्रे अशा कोऱ्या जागा सोडीत आणि वाचक त्या कोऱ्या जागाच अधिक काळजीपूर्वक वाचीत! नव्या राज्याने हा पळवाटेचा मार्ग बंद केला. कापलेल्या जागी दुसरा मजकूर भरून पान अखंड दिसले पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. आमच्या मते पूर्वतपासणीचे खरे पाप येथे आहे. एक शब्द दडपणे हा अन्याय होय. परंतु शब्द दडपलेला नाहीच असे भासविणे ही खोटी साक्ष होय, आणि खोट्या साक्षीस आज्ञापटात स्वतंत्र आज्ञा आहे.

गोव्यात हा पहारा कसा चाले याचे जे उदाहरण गोमंतकीय मंडळी वारंवार सांगत आली आहेत ते लग्नपत्रिकेचे. विवाहाचे निमंत्रण छापावयाचे तरी मजकूर आधी तपासून घ्यावा लागे. वधूवरांची नावे, मुहूर्त आणि मंडपाचा पत्ता यांत राजद्रोह तो काय असावयाचा! १९३० साली वसाहतविषयक कायद्याविरुद्ध गोव्याच्या विधिमंडळात ठराव मांडणाऱ्या मिनेझिस ब्रागांझांचे ‘प्रकाश’ हे पत्र १९३७ साली बंद पाडण्यात आले. दुसऱ्याच वर्षी ते निवर्तले. १९४६ साली त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना अटक झाली, लष्करी न्यायालयात शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडण्यात आले. आत छापता येईना म्हणून बाहेरून बोलण्याचा मार्ग लोकांनी शोधला. १९५५ च्या नोव्हेंबरपासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीलगतच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. एक हिंदू तरुण आणि एक ख्रिस्ती तरुणी असे हे दोघे मुक्तीपर्यंत रानात राहून बातम्या देत होते.

या सर्व काळात ख्रिस्तसभेची अधिकृत भूमिका काय होती? १९४० साली व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, त्यात मिशनकार्याविषयीही बोलणी झाली, आणि पोर्तुगीज राज्यात ख्रिस्तसभेस पुष्कळ सवलती मिळाल्या. सवलत घेणाऱ्याचा आवाज हळू होतो. तथापि सर्वच आवाज हळू झाले नाहीत. पोर्तोचे बिशप अंतोनियो फरेरा गोमेस यांनी १९५८ साली सालाझारला एक दीर्घ पत्र लिहून राज्यातील दारिद्र्य व स्वातंत्र्याचा अभाव यांविषयी जाब विचारला. त्या पत्राच्या नकला हातोहात फिरल्या. बिशपांना १९५९ ते १९६९ अशी दहा वर्षे स्वदेशाबाहेर काढावी लागली. सेमिनरीत शिकलेला सत्ताधीश आणि सेमिनरीत शिकलेला बिशप एकाच प्रश्नावर समोरासमोर उभे राहिले. आपल्या विद्यार्थ्यांस ख्रिस्तसभेचा अर्वाचीन इतिहास शिकविताना हा प्रसंग अवश्य सांगावा.

कोऱ्या जागेचा हा प्रश्न पोर्तुगालपुरता नव्हता. आपल्या देशात २६ जून १९७५ पासून आणीबाणीची पूर्वतपासणी सुरू झाली, आणि २८ जूनच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. लौकरच तपासनिसांनी तशी जागा सोडण्यासही बंदी केली. सालाझारचा दंडक दिल्लीत कोणी वाचला असेल असे नव्हे. पहारेकऱ्यांना एकसारख्याच युक्त्या सुचतात. त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी जे धैर्य दाखविले ते मराठी वाचक विसरणार नाही. न्यायालयाचे धैर्य त्या मानाने कमी आठवले जाते. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातील अकरा मजकूर मुंबईच्या तपासनिसाने रोखले होते. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन व कानिया यांनी मसानींच्या बाजूने निकाल दिला. सर्व पत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे वळवावयास लावणे आणि एका सुरात बोलावयास लावणे हे तपासनिसाचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. आणीबाणी चालू असताना हा निकाल दिला गेला, हे विशेष.

सालाझारच्या राज्याच्या अगदी उलट टोकाला, जेथे सत्ताच निरीश्वरवादी होती, त्या पोलंडमध्ये ख्रिस्तसभेचे स्थान वेगळे होते. क्राकोवचे कॅथलिक साप्ताहिक ‘टिगॉद्निक पोव्शेख्नी’ १९४५ साली निघाले. १९५३ साली स्टालिन वारला तेव्हा त्याची मृत्युस्तुती छापण्यास संपादक येर्झी तुरोविच व त्यांचे सहकारी यांनी नकार दिला. साप्ताहिक त्यांच्या हातून काढून सरकारच्या मर्जीतील एका कॅथलिक गटास देण्यात आले; ते १९५६ अखेर परत मिळाले. कॅथलिकांचे पत्र कॅथलिकांनाच देऊन गप्प करण्याची ही युक्ती आपण लक्षात ठेवावी. पुढे १९८१ साली ‘सॉलिडॅरिटी’ चळवळीच्या दबावाने तेथे जो कायदा झाला, त्याने पूर्वतपासणी रद्द केली नाही; परंतु कापलेला मजकूर कोठे होता हे चौकटी कंसात रेघा काढून दाखविण्याची आणि कायद्याचे कलम छापण्याची मुभा दिली. साप्ताहिकाच्या पानोपानी त्या रेघा दिसू लागल्या. कात्री तीच राहिली, परंतु जखम उघडी झाली. १९९० च्या एप्रिलमध्ये तेथील पूर्वतपासणी संपली.

तेथेच कथा संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. साम्यवादी सत्ता गेल्यानंतर डिसेंबर १९९२ मध्ये पोलंडच्या संसदेने ध्वनिचित्रप्रसारणाचा कायदा केला, आणि कार्यक्रमांनी प्रेक्षकांच्या धार्मिक श्रद्धांचा व विशेषेकरून ख्रिस्ती मूल्यव्यवस्थेचा आदर राखावा, असे कलम त्यात घातले. काल ज्यांच्या पानांवर रेघा होत्या त्यांच्या बाजूस आज कायदा आला. श्रद्धेचा आदर व्हावा हे आम्हांसही वाटते. पण तो प्रसारण-नियामकाच्या दंडाने व्हावा का, याविषयी आम्ही साशंक आहोत. याच संदर्भात एक गंमत नोंदवावीशी वाटते. स्वतंत्र भारतात मुद्रणस्वातंत्र्याचा पाया ज्या निकालाने घातला तो १९५० सालचा रोमेश थापर यांचा खटला मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ या साम्यवादी विचारांच्या साप्ताहिकासंबंधी होता. विरोधात असताना प्रत्येकास स्वातंत्र्याचे मोल कळते.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, आणि लगेचच १९६२ साली पणजीहून ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक निघाले. दुसऱ्या वर्षी मडगावहून ‘राष्ट्रमत’ निघाले. स्वातंत्र्य म्हणजे काय हे जनमतकौलाच्या वेळी लोकांनी पाहिले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे ‘गोमन्तक’ सांगत होता, तर चंद्रकांत केणी यांचे ‘राष्ट्रमत’ विलीनीकरणाविरुद्ध लढत होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्या लढ्याचे शस्त्र ठरले. दोन्ही पत्रे मराठी. ज्या ख्रिस्ती मतदारांपैकी पुष्कळांना देवनागरी वाचता येत नव्हते, त्यांच्या बाजूची मांडणी एका मराठी दैनिकाने करावी, हा योग नोंदविण्याजोगा आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. सहाच वर्षांपूर्वी जेथे लग्नपत्रिका तपासली जात होती तेथे एवढा कडाक्याचा वाद उघडपणे छापला गेला आणि मतपेटीत मिटला.

एक गोष्ट मात्र खाणीच्या गावात राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या नजरेतून सुटत नाही. ‘गोमन्तक’ चौगुल्यांनी काढला आणि ‘नवहिंद टाइम्स’ धेंपो घराण्याने; दोन्ही घराणी लोहखनिजाच्या व्यवसायातील. आमच्या मलाजखंडची खाण सरकारी कंपनीची आहे आणि येथे दैनिक निघत नाही, म्हणून हा प्रश्न आम्हांस परका वाटावा असे नाही. डोंगर खणणाऱ्याच्याच मालकीचा कागद डोंगराची बातमी कशी देतो, हे कोणत्याही मुद्रणकायद्याच्या कक्षेबाहेरचे आहे. १८६७ चा जुना मुद्रण व नोंदणी कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, आणि तो १ मार्च २०२४ पासून अमलात आहे. मालक, प्रकाशक आणि मुद्रक कोण हे कायदा विचारतो. मालकाचा दुसरा धंदा कोणता, हे वाचकालाच विचारावे लागते.

आता पुन्हा आपल्या घराकडे. २००६ साली ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट आला तेव्हा आपल्या समाजातून बंदीची मागणी देशभर झाली, आणि ज्या राज्यांनी ती मान्य केली त्यांत गोवाही होता. आंध्रप्रदेशातील बंदी तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली. तो चित्रपट इतिहासाच्या दृष्टीने भ्रामक होता याविषयी आमच्या मनात शंका नाही. त्याचे खंडन करण्यास आमच्या सेमिनऱ्यांतून विद्वानांची वाण नव्हती. तरीही आपण लेखणीकडे न जाता सरकारकडे गेलो. नियोगी समितीने जे शासनाकडून आपल्याविरुद्ध मागितले, तेच आपण शासनाकडून दुसऱ्याविरुद्ध मागितले. आणि तेही राचोलच्याच भूमीत.

राहता राहिले ‘क्रिस्तपुराण’. १६१६ नंतर १६४९ व १६५४ या साली ते पुन्हा छापले गेले. तपासून, अनुज्ञा घेऊन छापलेल्या त्या पहिल्या प्रतींपैकी एकही आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत. गोव्यातून व कानडा किनाऱ्यावरून ख्रिस्ती कुटुंबांनी तो पिढ्यान्पिढ्या नकलून ठेवला, उपवासकाळात मोठ्याने वाचला, आणि त्या नकलांना कोणाचीही अनुज्ञा नव्हती. १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळूर येथे त्यांच्याच आधारे ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीतील एक हस्तलिखित मार्स्डेन यांच्या संग्रहातून लंडनच्या विद्यापीठात पोहोचले आहे.